आयतवारचं पीठ

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी सकाळी धुरपताबाई डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन रानाकडं निघाली, तेव्हा तिला पक्कं ठाऊक होतं, की आज दिवस मावळायच्या आत तिचे तीन भाऊ तिची गिरणी बंद करणार. जेवणाआधी की जेवणानंतर, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तिचं स्वतःचं मत विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नंतर करा. उपाशीपोटी माणसाला रडायला लवकर येतं, आणि भावजयांच्या देखत रडायचं तिच्या मनात नव्हतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, म्हणजे उभी राहायचा प्रयत्न करत होती. दरवर्षी ह्या दिवसांत ती माणसाच्या कमरेला लागते, औंदा घोट्याला लागत होती. लातूरचा जिल्हा होऊन चार महिने झाले होते आणि पावसानं तोंड फिरवूनही तेवढेच. बोरसांगवीतले लोक म्हणत, कचेरी लातूरला आली, साहेब आले, शिपाई आले, पाऊस तेवढा उस्मानाबादलाच राहिला, त्याच्या बदलीचा हुकूम निघाला न्हाई.

बांधावर चढल्यावर तिला कोप दिसली. येळवशीला रानात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणतात, आणि सगळं घर तिथंच जेवतं. औंदा कडबा जनावरांच्याच तोंडाला पुरत नव्हता, म्हणून थोरल्या नागप्पानं खताच्या रिकाम्या पोत्यांची कोप केली होती. पांडव बिचारे युरियाच्या सावलीत बसले होते.

कोपीपुढं घोंगडी अंथरून तिची आई केवळाबाई बसली होती. तिच्या एका अंगाला नागप्पा, दुसऱ्या अंगाला शिवलिंग, पायाशी धाकटा चंद्रप्पा. म्हातारीचं तोंड असं फुललं होतं की दुष्काळ तिला कुणी सांगितलाच नसावा. तीन लेकरं एका घोंगडीवर! चार वर्षं ह्या एका दृश्यासाठी तिनं सोमवार धरले होते.

ती चार वर्षं गाव मात्र निराळ्या कारणासाठी आठवत होतं.

बाप गेला आणि तिघं वेगळे झाले तेव्हा तिघांनी तीन पिठाच्या गिरण्या घातल्या. नागप्पाची वेशीत, शिवलिंगची एस.टी. थांब्यावर, चंद्रप्पाची शाळेमागं. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. नागप्पानं बायांना बसायला बाकडं टाकलं आणि गार पाण्याचा रांजण भरून ठेवला. ते ऐकून शिवलिंगनं रेडिओ आणला. चंद्रप्पाकडं ना बाकडं ना रेडिओ, आणि लग्नही व्हायचं होतं, त्यानं दळलेले डबे सायकलवरून घरपोच द्यायला सुरुवात केली. दर आठ दिवसांनी तिन्ही गिरण्यांतून दगडाला टाकी लावल्याचा ठक्‌ ठक्‌ आवाज यायचा, कारण दगड गुळगुळीत झाला की पीठ कचकचतं, आणि पीठ कचकचलं की बाई डबा उचलून दुसऱ्या भावाकडं जायची. गावातल्या बाया केवळाबाईजवळ बसून हळहळायच्या, "तीन भाऊ, पण एकाचं एकाला पटत न्हाई बगा," आणि उठून रेडिओ ऐकायला जायच्या.

मग श्रावणात म्हातारीची आसवं कामाला आली. बापाच्या जुन्या गिरणीचा दगड लिंबाखाली पडला होता, त्यावर हात ठेवून तिघांनी शपथ घेतली: आता एक व्हायचं. गावानं आठ दिवस आनंद केला. नवव्या दिवशी दळणाचा दर दुप्पट झाला.

एक झाल्यावर तिघांना एकेक गोष्ट सुचत गेली. तीन गिरण्या रोज कशाला चालवायच्या? सोमवार-मंगळवार नागप्पा, बुधवार-गुरुवार शिवलिंग, शुक्रवार-शनिवार चंद्रप्पा. आयतवारी सगळ्याच बंद. बाकडं नागप्पाच्या ओसरीवर गेलं. रेडिओचे सेल संपले ते संपलेच. सायकल चंद्रप्पा आता स्वतः फिरायला वापरू लागला. टाकी पाडव्यापर्यंत कुणी लावायची नाही, असं ठरलं. दगड झिजून खर्च होतो, आणि बाया जाणार कुठं? बाया कुठंच गेल्या नाहीत. कचकचीत भाकरी खात गाव शांत बसलं.

आणि दोन महिन्यांपूर्वी, भरल्या दुपारी, गावकुसाला इंजिनाचा पुक्‌ पुक्‌ आवाज आला.

ती धुरपताबाईची गिरणी होती. मुखेडच्या दादल्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा ती माहेरी आली होती, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती नागप्पाच्या घरी जेवली. कमी काहीच पडलं नाही. फक्त प्रत्येक जेवणाला थोरली भावजय जगदेवी विचारायची, "अजून वाढू का धुरपताबाई?" आणि विचारताना टोपल्यावर हात ठेवायची. एक दिवस धुरपताबाईनं पाटल्या मोडल्या, मुखेडला जाऊन एकाची जुनी तेलावरची चक्की विकत घेतली, आणि बैलगाडीत घालून आणली. त्या दिवसापासून ती स्वतःच्या पिठाची भाकर खात होती. तिला ती भाकर लई गोड लागायची. नुसती खायची, कालवणसुद्धा घ्यायची नाही.

"आली का! ये, ये," केवळाबाई म्हणाली. "आता चौघंबी हाव. आता माझं काही म्हणणं न्हाई."

"अव्वा, तुझं नसंल. अण्णाचं हाय," धुरपताबाई म्हणाली आणि बिंदगी उतरवून बसली.

नागप्पानं घसा साफ केला. त्याला वाईट बोलायचं असलं की तो आधी चांगलं बोलून घ्यायचा.

"धुरपे, काल तू आयतवारी पहाटेपसून दिवं लागंपर्यंत इंजिन चालवलंस."

"लोकं आले. येळवस तोंडावर, आणि तुमच्या तिघांच्या गिरण्या बंद. बाजरीचं पीठ आधीपसून दळून ठेवता येतं का? कडू पडतंय. वाफवायचे उंडे कशाचे करावेत लोकांनी?"

तिघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं. येळवशीच्या आदल्या दिवशी आयतवार येतोय, ही गोष्ट करार करताना तिघांच्याही ध्यानात आली नव्हती. ध्यानात आल्यावर एकानं गिरणी उघडली असती तर दुसऱ्यानं शपथ मोडली म्हणून ओरड केली असती. म्हणून तिघंही आदल्या दिवशी घरी बसून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले होते.

"ते असू दे," नागप्पा म्हणाला. "आमचं असं म्हणणं हाय, की तू आता दमलीस. बाईमाणसानं त्या तेलात, धुरात कशाला मरावं? गिरणी बंद कर. सालाला दोन लुगडी, एक पोतं जवारी, दिवाळीला चोळी. जेवण माझ्या घरी हायच."

"अकरा वर्सं जेवले की अण्णा."

"मग? कमी पडलं काही?"

धुरपताबाईनं जगदेवीकडं पाहिलं. जगदेवी भज्जीच्या, मिसळ भाजीच्या, पातेल्यात डाव फिरवण्यात एकदम गुंग झाली.

"अक्का, आमचं ऐक," शिवलिंग म्हणाला. "आम्ही तिघं एक झालो. तूच तेवढी बाहीर. लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतात, बाहीर हाय ते बरं हाय."

इथं शेषेरावला राहवलं नाही. शेषेराव म्हणजे नागप्पाचा जावई, मूळचा हदगावचा, लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. जिल्हा झाल्यापासून तो 'आमच्या जिल्ह्यात' असं म्हणायला लागला होता, जणू सातबारा त्याच्या नावावर निघाला आहे. खात्याची परीक्षा जवळ आली होती म्हणून त्यानं येळवशीलाही कायद्याचं पुस्तक आणलं होतं.

"मामा, मी सांगून राहिलो, ऐका," तो म्हणाला. "तुम्ही जे करून राहिले ते करता येत नसते. एकोणीसशे एकोणसत्तर साली दिल्लीनं कायदा केला. मक्तेदारीच्या विरुद्ध."

"आम्ही काय केलं?" नागप्पा दचकला.

"सांगतो ना." शेषेरावनं पुस्तकात बोट घातलं. "काही व्यापारी एका जागी बसतात आणि ठरवतात, सगळ्यांनी एकच दर लावायचा. हे चालत नसते."

"ते तर केलं आम्ही," चंद्रप्पा म्हणाला.

"दुसरं. गिऱ्हाईक वाटून घेतात. हा मुलूख तुझा, तो माझा. हा वार तुझा, तो माझा."

"तेबी केलं."

"तिसरं. एखादा नवा लहान दुकानदार आला, की मोठा काय करतो? तोटा सोसून माल विकतो. फुकटसुद्धा देतो. लहान्याच्या दारात गिऱ्हाईक जात नाही, तो बिचारा दुकान मोडून निघून जातो. मग मोठा दर वाढवतो, पहिल्यापेक्षा दुप्पट, आणि सगळा तोटा भरून काढतो."

नागप्पाचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"असं करता येतंय?" तो म्हणाला.

"करता येत नाही मामा! तेच सांगून राहिलो."

"न्हाई, म्हंजे असं केल्यावर तो लहान दुकानदार खरंच निघून जातोय?"

"हाव. जातोच. म्हणून तर कायदा केला."

"हे आपल्याला सुचलंच नव्हतं रं," नागप्पा भावांना म्हणाला. त्याच्या आवाजात दिल्लीबद्दल नवाच आदर आला होता. "जावईबापू, चौथं काय हाय?"

शेषेरावनं पुस्तक मिटलं. आपण परीक्षेला बसावं की नाही, असा विचार त्याच्या तोंडावर दिसला. "अहो, पण सरकारनं हे का केलं ते तरी ऐका. गिऱ्हाइकाला दुसरीकडं जायला जागा असली की दुकानदार सरळ राहतो. तराजू सरळ धरतो, माल चांगला देतो, बोलतोसुद्धा गोड. जागा नसली की त्याच माणसाला शिंगं फुटतात. माणूस वाईट नसतो, मामा. जागाच वाईट होते."

"आणि आमच्या तीन चक्क्यांसाठी दिल्लीवरून कुणी येणार का?"

"नाही," शेषेराव प्रामाणिकपणे म्हणाला. "तो मोठमोठ्या कारखानदारांचा कायदा हाये. बोरसांगवीला कोण येते."

"मग झालं तर." नागप्पानं मांडीवर थाप मारली. "धुरपे, नीट ऐक. दोन लुगडी, एक पोतं जवारी. कबूल असंल तर आज सांग. नसंल तर उद्या मंगळवारपसून आमच्या तिन्ही गिरण्या चालू, सगळे दिवस, पाडव्यापस्तोर दळण फुकट!"

"फुकट?" जगदेवीचा डाव थांबला.

"फुकट. बघू कोण जातंय हिच्याकडं."

"आणि पाडव्यानंतर?" धुरपताबाईनं विचारलं.

"पाडव्यानंतर... तवाचं तवा बघू."

धुरपताबाईनं मनात हिशोब केला. तीन महिने. तेलाचा डबा पंधरा दिवसांत संपतो, तो गिऱ्हाइकाच्या पैशांतून येतो. फुकटाच्या पुढं तिचं इंजिन पंधरा दिवस चालेल, सोळाव्या दिवशी गावकूस शांत होईल. मग पुन्हा ती टोपली आणि टोपल्यावरचा तो हात.

"आधी जेवा तरी," केवळाबाई म्हणाली. "पांडव ताटकळलेत."

पूजा झाली. चंद्रप्पानं बिंदगीतली आंबील घेतली आणि वाळक्या रानातून शिंपडत, "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडत फेरी मारली. शेजारच्या रानांतूनही आरोळ्या उठल्या. दुष्काळ असला तरी ओरडायला काही लागत नाही, त्यामुळं औंदा लोक जरा जास्तच ओरडत होते. मग पंगत बसली. एक झाल्यावरची पहिली येळवस, म्हणून केवळाबाईनं हुकूम काढला होता: प्रत्येकाच्या ताटात तिन्ही घरची एकेक भाकर आणि तिन्ही घरचा एकेक उंडा पडला पाहिजे.

धुरपताबाईनं घाईनं तिन्ही टोपल्यांकडं पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

तिला जे माहीत होतं ते असं. काल आयतवारी पहाटे, अंधार होता तेव्हा, जगदेवी पदराखाली डबा झाकून आली होती. "तुमच्या भावाला कळू देऊ नका. तारामतीला तर मुळीच न्हाई." नऊच्या सुमाराला शिवलिंगची तारामती ताक मागायच्या निमित्तानं आली, तिच्या ताकाच्या तांब्याखाली बाजरीचं गाठोडं निघालं. "अक्का, जाऊबाईला कळलं तर त्या माझं जिणं हैराण करतील." आणि दुपारी, सगळं गाव बघत असताना, कमरेत वाकलेली केवळाबाई स्वतः डोक्यावर डबा घेऊन आली होती, कारण ती चंद्रप्पाकडं राहायची आणि त्या घरात दुसरी बाईच नव्हती. तिनं कुणालाच काही सांगू नको म्हटलं नाही. तिनं फक्त पीठ चिमटीत धरून पाहिलं होतं, आणि मान हलवून निघून गेली होती.

नागप्पानं शिवलिंगच्या घरची भाकर मोडली. एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेताना त्यानं डोळे मिटले.

"शिवल्या," तो म्हणाला, "किती दिवसानं रं अशी भाकर! कचकच न्हाई काही न्हाई. तारामतीच्या हाताला गुण हाय."

शिवलिंग फुशारला. तारामतीनं मान खाली घातली.

नागप्पा चावत राहिला. मग चावायचा थांबला. तो गिरणीवाला होता, गिरणीवाल्याचा पोर होता. त्यानं भाकरीचा तुकडा अंगठ्यानं चुरला, नाकाशी नेला, उंड्याचा कण जिभेवर ठेवला.

"कडू न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे दळण कालचं हाय. काल आयतवार होता." त्याचा आवाज चढला. "आणि हे ताज्या टाकीच्या दगडाचं पीठ हाय! शिवल्या, तू टाकी लावलीस!"

"मी? देवाशपत न्हाई!"

"मग भाकर चांगली कशी झाली?"

"अण्णा, उगं आळ घेऊ नको हां," म्हणत शिवलिंगनं नागप्पाच्या घरची भाकर उचलली, तोंडात घातली, आणि उठूनच उभा राहिला. "आणि ही? ही काय हाय? ही तर माझ्या घरच्यापेक्षा मऊ हाय! मला म्हणतोस आणि सोता दार लावून गिरणी चालवतोस?"

"थांबा, थांबा," चंद्रप्पा म्हणाला. त्यानं दोन्हीकडचा घास घेतला. "तुम्ही दोघंबी चोर हाव."

"तुझ्या टोपल्यातली दे इकडं!" नागप्पानं चंद्रप्पाच्या घरची भाकर हिसकावली. चावली. त्याचं तोंड लाल झालं. "वारे बहाद्दर! सगळ्यात बारीक दळण ह्याचंच!"

"ए, मी काल दिवसभर घरात पडून होतो!"

"बापाच्या दगडावर हात ठेवला होता आपण! पाडव्यापस्तोर टाकी लावायची न्हाई म्हून!"

"पहिला हात तूच काढला होतास, मी बगितलं!"

"इमान न्हाई कुणाला!"

"माझ्या घरी येऊ नको आजपसून!"

"कोण येतंय तुझ्या दारात!"

शेषेराव मधे पडला. "मामा, असं नेहमी होते. पुस्तकात लिहिलं हाये, करार करणारे एकमेकांवरच—"

"तू गप!" तिघं एका आवाजात म्हणाले. दिवसभरातली त्यांची शेवटची एकी ती.

धुरपताबाई ताटावर हात धरून बसली होती. तिच्या ध्यानात आलं, की तिला आता काहीच करायचं नाही. नुसतं गप बसायचं. पाच मिनिटांत घोंगडी तीन ठिकाणी फाटेल, आणि उद्यापासून फुकट दळण नाही, काही नाही. तिची गिरणी तरली. जगदेवी आणि तारामती मान वर करणार नव्हत्या. हे इतकं सोपं होतं की तिनं एक उंडा उचलून तोंडातही घातला.

मग तिनं म्हातारीकडं पाहिलं.

केवळाबाई कुणाकडंच बघत नव्हती. ती घोंगडीवरचा हात फिरवून सुरकुत्या काढत होती. जिथं नागप्पा बसला होता तिथली, मग जिथं शिवलिंग बसला होता तिथली. पोरं उठून गेल्यावर अंथरूण सारखं करावं तसं.

धुरपताबाईनं दुसरा उंडा उचलला होता, तो ताटात परत ठेवला.

"माझं हाय ते पीठ," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. मग ती इंजिनाच्या आवाजात बायांना हाक मारायची तशी ओरडली, "माझ्या गिरणीचं पीठ हाय! तिन्ही टोपल्यातलं! कुणी टाकी लावली न्हाई, कुणी शपत मोडली न्हाई. बसा खाली तिघंबी!"

तिघं खाली बसले. आश्चर्यानं बसले, ऐकून नव्हे.

"खोटं," नागप्पा म्हणाला. "मी घरात बजावून ठेवलंय. माझ्या घरचं बाईमाणूस तुझ्या गिरणीची पायरी चढणार न्हाई."

"पायरी न्हाई तिथं," जगदेवी म्हणाली. "सपाट हाय."

नागप्पाची मान वळायला बराच वेळ लागला.

"काय बगता?" जगदेवी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गेले होते मी. चार महिने तुमच्या दगडाचं पीठ खाऊन माझी दाढ दुखायली. बाकडंबी ओसरीवर नेऊन ठेवलंत, त्याच्यावर कोण बसतंय? मांजर! आणि उद्यापसून फुकट दळणार म्हणे. फुकट म्हणलं की सगळा गाव येईल, मिरच्या आणील, हळद आणील, जनावराचा भरडा आणील. मिरच्या दळून घर कुणाचं खोकणार? तुमचं? तुम्ही पारावर जाऊन बसणार."

"मीबी गेले होते," तारामती हळूच म्हणाली. मग धीर येऊन, "आणि फुकट केलं तरी मी अक्काकडंच जाणार."

दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. गेल्या दहा वर्षांत त्या पहिल्यांदाच एका बाजूला उभ्या होत्या, आणि दोघींनाही ते जरा अवघडच वाटलं.

"बरं, ह्या दोघी गेल्या," नागप्पा म्हणाला. त्याला आता निदान एक घर तरी इमानदार पाहिजे होतं. "चंद्र्याच्या घरचं कोण गेलं? तिथं बाई कुठं हाय?"

सगळ्यांच्या माना एकेक करून घोंगडीकडं वळल्या.

"मी बाई न्हाई का?" केवळाबाईनं विचारलं.

"अव्वा, तू?"

"डोक्यावर डबा घेऊन. भर दुपारी. तुमची शपत, मला कुठली?"

"अगं, पण तूच म्हणलीस की एक व्हा! चार वर्सं रडलीस!"

"म्हणले. एका ताटात जेवा म्हणले. एकमेकाच्या दुखण्याखुपण्याला जावा म्हणले. एक दर करा असं कुठं म्हणले?" म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही भांडत होतात तवा मला रातध्याड घोर लागायचा. पण पीठ चांगलं होतं बाबा. खोटं कशाला बोलू. बाया मला म्हणायच्या, केवळामाय, तुझी पोरं भांडतात ते वाईट, पण रांजणातलं पाणी गार हाय. आता तुम्ही गोड झालात आणि बाया मला बघून रस्ता बदलतात. नदीच्या वाळूवानी पीठ देता लोकांला, तेबी दुष्काळात, आणि म्हणता एकी झाली."

नागप्पा ताटातला भाकरीचा चुरा गोळा करू लागला.

"घरात एक ऱ्हावा," केवळाबाई म्हणाली. "गिरणीवर खुशाल भांडा. आणि हिला राहू द्या. हिचं इंजिन ऐकलं की मला बरं वाटतंय. माझी लेक कुणाच्या टोपल्याकडं बघत बसली न्हाई, एवढं कळतंय मला त्या आवाजात."

जगदेवीनं पटकन दुसरीकडं पाहिलं. मग काय झालं कोण जाणे, तिनं टोपली उचलली, धुरपताबाईपुढं आणली, आणि न विचारता दोन उंडे ताटात टाकले. टोपलीवर हात नव्हता.

मग पुन्हा खाणं सुरू झालं. इतकी चांगली भाकर रागारागात टाकून द्यायला कुणाचंच मन होईना.

"टाकी कुणाकडनं लावून घेतलीस?" नागप्पानं शेवटी विचारलं. त्यानं मान वर केली नव्हती. "मुखेडचा माणूस येतोय का?"

"मीच लावते."

"तू?"

"बापानं शिकवलं. लहानपणी."

"मला न्हाई शिकवलं," नागप्पा म्हणाला. त्याचा आवाज अचानक दहा वर्षांच्या पोरासारखा झाला. "मला तर माणूस लावावा लागतोय."

"तू तवा शाळेत जायचास अण्णा. मला शाळा नव्हती. मी दिवसभर बापाजवळ बसायचे." तिनं आणखी एक भाकर मोडली. "शिकवते की. पण माझ्यासारखी जमायला तुला साल लागंल."

"साल?" नागप्पानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. भावाची नजर नव्हती ती, समोरच्या दुकानदाराची होती. "महिन्यात दाखवतो तुला."

लुगड्यांचा आणि ज्वारीच्या पोत्याचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. शेषेराव कोपीच्या सावलीत जाऊन पुस्तक उघडून बसला. चंद्रप्पा त्याच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "घरपोच द्यायला काही बंदी न्हाई ना त्यात? बघा बरं."

मंगळवारी सकाळी धुरपताबाईनं इंजिनाला हँडल मारलं, आणि पहिल्या पुक्‌ला तिच्या कानावर लिंबापलीकडून ठक्‌ ठक्‌ आवाज आला. एका गिरणीतून, मग दुसरीतून. एस.टी. थांब्यावर कुणीतरी रेडिओ इतक्या मोठ्यानं लावला होता की बातम्या गावकुसापर्यंत स्पष्ट ऐकू येत होत्या. शाळेमागून सायकलची घंटी वाजत आली आणि वाजत गेली. तिघांच्याही दर्शनी फळीवर खडूनं दर लिहिलाय, आणि तो श्रावणाआधीचाच आहे, असं पाण्याला चाललेल्या एका बाईनं सांगितलं. फुकट मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

धुरपताबाईला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. ते साधारण तासभर टिकलं.

मग समोरच्या रस्त्यावरून कमरेत वाकलेली एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन चाललेली तिला दिसली. म्हातारी गिरणीसमोर आली, थांबली नाही, वेशीच्या दिशेनं पुढं गेली.

"अव्वा!" धुरपताबाई दारात आली. "इकडं! कुठं निघालीस?"

"नागप्पाकडं," केवळाबाई न वळता म्हणाली. "त्यानं बाकडं टाकलंय. माझ्यानं उभं ऱ्हावत न्हाई."

धुरपताबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. सख्खी आई! काल हिच्याचसाठी—

मग ती आत पळाली, इंजिन बंद केलं, आणि सुताराच्या घराकडं निघाली. बाकडं तर करायचंच होतं. पण नुसतं बाकडं नको. पाठ टेकायला मागं फळी असलेलं.